घरातल्या मुलीचं काय तपासायचं

प्रिय दादा,

तू गेल्याला येत्या वैशाखात वर्ष होईल. एवढ्या दिवसांत तुझ्या फोटोपुढे दिवा लावला, पण दोन ओळी लिहाव्यात असं सुचलं नाही. शेवटचं पत्र तुला कधी लिहिलं होतं? बहुतेक औरंगाबादच्या हॉस्टेलातून. तू उत्तर धाडायचास तेही तीनच वाक्यांचं. सगळे खुशाल. म्हैस व्याली. तू अभ्यास कर.

आज लिहिते आहे, कारण उद्या सकाळी सातला जीप येणार आहे. तुझी लेक अशू आणि मी पुण्याला निघणार आहोत. तिला चौथा महिना लागतोय. पोटातल्या बाळाला रेणूचाच आजार आहे, असा रिपोर्ट परवा आला.

मला भीती वाटते दादा. आणि घरात सगळे माझ्याच तोंडाकडे बघतात, कारण मी शिकलेली. माझ्या भीतीकडे बघायला तूच होतास, तूही गेलास.

आधी तुझ्या नातीचं सांगते. रेणू आता पाच वर्षांची झाली. तू गेलास तेव्हा स्वतःचं नाव 'लेणू' सांगायची, आता 'र' जमतो आणि दिवसभर रेल्वे, रताळं, राजा असं घोकत हिंडते. दर तीन आठवड्यांनी अशू तिला बीडला दवाखान्यात नेते, एक रक्ताची पिशवी लावते, संध्याकाळी परत आणते. गेल्या खेपेला नर्स सुई घेऊन आली तर ही म्हणाली, "डावा हात आज सुट्टीवर हाय, उजवा घ्या." सगळा वॉर्ड हसला. अशू हसली नाही.

पिशवी लागली की दोन दिवसांत गालांवर रंग चढतो, अंगणभर पळते. तिसरा आठवडा उजाडला की पायरीवर बसून राहते. दमलीस का, विचारलं तर म्हणते, "मी कुठं दमले, मुंग्या बघायले." तेवढ्या वयात तिला कळतं, आपण दमलो की आईचा चेहरा कसा होतो ते.

तू होतास तोवर रक्ताची काळजी नव्हती. दिंद्रुडच्या तुझ्या दूध सोसायटीत जो दूध घालायला येई, त्याला तू कॅन खाली ठेवायच्या आत विचारायचास, "तीन महिने झाले का बे तुला रक्त देऊन? चल मग गुरुवारी बीडला." माणसं म्हणायची, दादा दूध बी मोजून घेतो आन् रक्त बी. आता कुठली माणसं? अर्धं गाव कोयता घेऊन ऊसतोडीला गेलं ते इकडे पाणी नाही म्हणून परतलंच नाही. उरलेले जनावरांबरोबर चारा छावणीत राहतात. या हिवाळ्यात दोनदा अशू आणि रेणू संध्याकाळपर्यंत दवाखान्याच्या बाकावर बसून होत्या. एकदा तशाच परत आल्या. त्या रात्री पोरगी खोकली तरी मी दचकत होते.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती टोचेल. टोचू दे.

आठवतं, माझ्या महेशसाठी मुली बघत होतो तेव्हा? परक्या घरची मुलगी म्हटलं की आपण काय काय खोदून काढायचो! कुणाच्या अंगावर कोड आहे का, चुलत्याला फिट येते का, आजोळ कसलं, आत्या कुठे दिली. पाटोद्याच्या एका घरची मुलगी तर तिची मावशी म्हणे चालताना जराशी लंगडते, एवढ्यावरून सोडली. आणि मग मीच म्हणाले, दादा, अशू दे मला. भावाची लेक सून म्हणून आणायची, ही आपल्याकडे हौस आणि मानही. तू एका क्षणात हो म्हणालास. पत्रिकासुद्धा बघितली नाही. भटजींनी विचारलं तर तू म्हणालास, "घरातल्या पोरीचं काय तपासायचं?"

आणि हे कोण म्हणत होतं? ज्याने उभा जन्म दुसऱ्याचं दूध तपासलं तो! पावसाळ्यात दूध पातळ लागलं की लोक तुझ्यासमोर गळ्याला हात लावून शपथा घ्यायचे. तू मान वर न करता म्हणायचास, "शपथ घरी ठेव, दूध हितं ओत." काचेच्या नळीतला आकडा बघितल्याशिवाय तू सख्ख्या चुलत्याची कॅन आत घेतली नाहीस. मग मुलीच्या बाबतीत तो हात कसा आखडला?

असा तुझ्यावर ठपका ठेवून थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण खरं ते तसं नाही, आणि ते फक्त मला माहीत आहे.

साखरपुड्याला चार दिवस होते. मी माहेरी आले होते. तू ओट्यावर बसून एक घडी केलेला कागद उलगडलास. अशूच्या कॉलेजात रक्त तपासायचं शिबिर झालं होतं, त्याचा कागद. सगळा इंग्रजीत. तू म्हणालास, "शालू, तू शिकलेली. बघ बरं काय म्हणतेत."

मी वाचला. कळला. पूर्ण कळला दादा. त्यात लिहिलं होतं की या मुलीच्या रक्तात थॅलेसेमियाचा अंश आहे. तिला स्वतःला त्याचा त्रास नाही, पण लग्न ठरवताना मुलाचंही रक्त तपासून घ्यावं. नववीत आमच्या हॉस्टेलच्या शाळेतल्या सिस्टरांनी फळ्यावर वाटाण्याच्या झाडांचे चौकोन काढले होते. उंच झाडाच्या आत लपलेलं बुटकेपण, आणि दोन तशी झाडं एकत्र आली की चारांतलं एक बुटकं. मला त्या विषयात वर्गात सर्वांत जास्त गुण होते. अशूच्या रक्तात आहे म्हणजे ते तुझ्या रक्तातून आलं असू शकतं, तुझ्यात आहे म्हणजे माझ्यात असेल, माझ्यातून महेशमध्ये. हे सगळं त्या ओट्यावर बसल्या बसल्या डोक्यातून गेलं.

आणि मी म्हणाले, "काही नाही दादा. रक्त जरा कमी आहे. गूळ-शेंगदाणे खाऊ घालू."

का म्हणाले? साड्या आणल्या होत्या. ह्यांनी सगळ्या सोसायटीला आमंत्रणं दिली होती. महेशला तपासायला पाठवलं असतं आणि वाईट निघालं असतं, तर मोडलेल्या सोयरिकीची मुलगी म्हणून अशूचं नाव तालुकाभर झालं असतं. ही सगळी कारणं खरी आहेत. पण त्यांच्या तळाशी एकच होतं, मला अशू हवी होती. परक्या मुलीच्या हातचं म्हातारपण नको होतं.

तू कागदाची घडी करून खिशात ठेवलीस. माझ्या शब्दाला तू नळी लावली नाहीस रे. तिथे का चुकलास?

रेणू आठ महिन्यांची असताना आजार कळला, तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात तू माझ्याकडे एकदा बघितलंस. एकदाच. मला वाटलं, आता विचारशील. तू बाटली घेऊन पाणी आणायला गेलास. दादा, त्या दिवशी विचारायला हवं होतंस. साडेतीन वर्षं मी वाट बघितली आणि तू छावणीतल्या जनावरांची मोजदाद करता करता छातीला हात लावून खाली बसलास. मला न विचारता गेलास. ही दया होती की शिक्षा, अजून कळत नाही.

आता हे दुसरं बाळ. ठरवून नव्हतं. अशूने सांगितलं तेव्हा मी जे म्हणाले ते आठवून लाज वाटते. मी "अरे देवा" म्हणाले.

पुण्याच्या डॉक्टरीणबाई चांगल्या. त्यांनी तेच सांगितलं, चारांत एक. वारेतला कणभर तुकडा सुईने काढून तपासायचा, आठ-दहा दिवसांत कळेल. त्याआधी कितीतरी फॉर्म भरावे लागले. मुलगा की मुलगी हे आम्ही विचारणार नाही, आम्हाला सांगितलं जाणार नाही, यावर अशूची सही. आपल्या जिल्ह्याचं नाव ऐकलं की तिकडची माणसं एकदा वर बघतात. बघणारच. आपल्याकडे किती मुली पोटातच संपवल्या, हे आपल्याला का माहीत नाही?

गावात तर बघायलाच नको. टँकरच्या रांगेत कांताबाईने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "पहिली पोरगी हाय, आन् आता तपासाया कावून चालल्या, हे का कळत न्हाई व्हय आमाला?" मी घागर तिथेच ठेवून तिला आजार समजावायला लागले. चारांत एक, वाटाण्याची झाडं, सगळं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमी शिकल्याली माणसं. तुमचं पाप बी विंग्रजीत असतंय."

मी घागर उचलली. तिला वाटलं त्यापेक्षा ते जास्त खरं होतं.

रिपोर्टची वाट बघण्याचे ते दिवस. मोबाइल वाजला की हातातलं टाकून मी धावे. महेश उगाच काहीतरी काम काढून बाहेर असायचा. एकदा गोठ्यात मला म्हणाला, "आई, मला दोन्ही नको. मला हे ठरवायचंच न्हाई." तीस वर्षांचा घोडा, पण मला वाटलं त्याला पोटाशी धरावं.

आणि ह्यांनी काय करावं? बैठक बोलावली. बारा वर्षं इथल्या दूध सोसायटीचे चेअरमन होते ना, यांना प्रश्न म्हणजे विषयपत्रिकेवरचा विषयच वाटतो. रिपोर्ट वाईट आला तर काय, हे आधीच ठरवून ठेवू म्हणाले. मोठे दीर आले, त्यांचे जावई आले, आणखी दोघे आले. सतरंजी टाकली. एक म्हणाला, देवाने दिलंय ते ठेवावं. दुसरा म्हणाला, एकीच्याच खेपा निभत नाहीत, मोकळं करा. जावई म्हणाले, पोरगा आहे का हे कळलं तर विचार करायला बरं पडेल. आणि दादा, त्याला कुणीतरी मान डोलावून अनुमोदनही दिलं.

अशू चहा घेऊन आली. एकेकापुढे कप ठेवला. मग ट्रे काखेत धरून ह्यांना म्हणाली, "ठराव झाला का मामा? सूचक कोन, अनुमोदक कोन, तेवढं लिहून द्या मला. दवाखान्यात सही माझीच लागती."

हे चहा बशीत ओतत राहिले. बशी भरून सतरंजीवर सांडला तरी ओतत राहिले. बैठक तिथेच संपली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी ज्वारी निवडत बसलो होतो. तिने सहज विचारावं तसं विचारलं, "आत्या, रेणूच्या टायमाला कळलं असतं, तर तुमी काय केलं असतं?"

मला काहीही म्हणता आलं असतं. पण आपण जिचं आयुष्य एका खोट्या वाक्याने बांधलं, तिलाच वर सल्ला द्यायचा? माझ्याच्याने होईना. मी कागदाचं सांगितलं. ओटा, साखरपुडा, गूळ-शेंगदाणे, सगळं.

लग्न झाल्यापासून ती मला 'तुमी' म्हणते. त्या क्षणी ते गळून पडलं. "तू वाचला होतास कागद?"

हो म्हणाले.

"आन् आप्पाला म्हाईत होतं?" तुझ्याबद्दल विचारत होती.

"नाही. मी सांगितलं तेवढंच त्याला माहीत होतं."

ती उठली. मांडीवरचं सूप उलटलं, ज्वारी घरभर झाली. रेणू धावत आली आणि हा खेळच आहे असं समजून दाणे गोळा करायला लागली. अशू दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. माझं ताट वाढून झाकून ठेवायची. तेवढं मात्र चुकलं नाही. वाटायचं, हिने एकदा ओरडावं तरी. तुझी मुलगी आहे ती, तुझ्यासारखीच पाणी आणायला जाते.

तिसऱ्या दिवशी पुण्याहून फोन आला. तिनेच घेतला. ऐकताना भिंतीला टेकली, आणि मला कळलं.

आज सकाळी ती रेणूची वेणी घालत होती. वेणी झाली, रेणू बाहेर पळाली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ठरवलंय मी. हे ठेवायचं न्हाई."

माझंही मन आतून तिकडेच झुकलेलं होतं, पण ते तिच्या तोंडून ऐकलं आणि मी खाली बसले.

ती बोलत राहिली. "कांताबाई म्हणंल, पोरगी आसंल म्हणून पाडलं. म्हणू द्या. एका रेणूला रक्त मिळंना झालंय, दुसऱ्याला कुणाचं आणू? पर मला भ्या त्याचं बी न्हाई. मला भ्या रेणूचं वाटतंय. मोठी झाली की विचारंल, माझ्या येळंला कळलं असतं तर? मी काय सांगू? तिला म्या कवाच नको म्हणलं नसतं, कारण तिला मी वळखते. पर ह्याची अजून वळख न्हाई झाली आत्या. तवर जमंल. हलायला लागलं, वळख झाली, की न्हाई जमायचं मला."

दादा, तुला काय म्हणायचं आहे यावर? तू असतास तर हुंकार भरून अंगणात गेला असतास. मी तिथेच बसून राहिले. मला वाटत होतं, हिला म्हणावं, बरोबर आहे तुझं. मग वाटत होतं, म्हणावं, थांब, अजून एकदा विचार कर. दोन्हीपैकी काहीही म्हणायचा हक्क मी त्या ओट्यावरच घालवून बसले होते.

मग तीच म्हणाली, "तुमी चला माझ्यासंगं. माफ केलंय म्हणून न्हाई. तितं समदे कागद विंग्रजीत असतेत. तुमी वाचा. पर ह्या खेपेला जे लिहिलंय तेच सांगा."

म्हणून जाते आहे. महेश येणार नाही. रेणूचा पिशवीचा वार नेमका उद्याच आलाय, तो पहिल्यांदा एकटा तिला बीडला नेईल. रक्त मिळेल का, माहीत नाही. रेणूला सांगितलंय, आईच्या पोटात दुखतंय, पुण्याचे डॉक्टर बघणार आहेत. ती म्हणाली, "आईला सांग, डावा हात द्यायचा न्हाई." हे सांगताना ती केवढी गंभीर होती!

सगळे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेत. कुणी अडवलं, कुणी संशय घेतला, तर दाखवायला. तीनदा तपासले. अशूचं काही बरं-वाईट होईल याची भीती वाटते. परत आल्यावर ती माझ्याकडे कसं बघेल याची वाटते. आणि सगळ्यांत जास्त कशाची, सांगू? सुटल्यासारखं वाटेल याची. त्या वाटण्याचं मी काय करू?

तुला शब्द देते दादा. उद्या त्या टेबलावर जो कागद येईल, त्यातली ओळ अन् ओळ मी अशूला जशीच्या तशी मराठीत सांगेन. घाबरवणारी असली तरी, धीर देणारी असली तरी. सही करायच्या आधी तिचं मन फिरलं, तर एक शब्द न बोलता तिला परत घेऊन येईन; मग बैठकीला आणि टँकरच्या रांगेला तोंड देणं माझ्याकडे. नाही फिरलं, तर ती जागी होईल तेव्हा मी शेजारी असेन.

आणि रेणूने कधी विचारलं, तर तिच्या आईला एकटीला उत्तर द्यायला बसवणार नाही. सांगायला मी बसेन, आणि सुरुवात माझ्यापासून करीन.

तुझी,
शालू